साडूंचा गुरुवार

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू नुसती वापरलेली नाही. तुमच्याआमच्यासारखी माणसं मिक्सर आणतात, चटणी वाटतात, बिघडला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि दुसरा आणतात. साडू मिक्सरला कामावर रुजू करून घेतात. घरात आल्या दिवशी त्याच्या दांड्याला पुठ्ठ्याचं एक कार्ड सुतळीने बांधलं जातं. त्यावर आगमनाची तारीख, तेलपाण्याची तारीख, आजवरची दुखणी आणि त्यांची कारणं, सगळं निळ्या शाईत. रहाटणीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मिक्सरला कार्ड आहे, गिझरला आहे, शिलाई मशीनला आहे, कुकरलाही आहे. ताई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोची सख्खी थोरली बहीण. ती म्हणते, "मला तेवढं बांधलं नाही हे नशीब." मला मात्र दाट संशय आहे की तिचंही कार्ड कपाटात कुठेतरी असणार, फक्त तिला दाखवलेलं नाही.

साडू मूळचे कराडकडचे. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत त्यांनी हयात काढली, मेन्टेनन्स खात्यात, आणि चार वर्षांपूर्वी रिटायर झाले असं कागदोपत्री म्हणतात. प्रत्यक्षात कंपनीने त्यांना सोडलं, त्यांनी कंपनीला सोडलं नाही. अजून सकाळी सहाला दाढी, साडेसहाला चहा, सातला खिशात टेस्टर. हा टेस्टर म्हणजे करंट आहे की नाही ते दाखवणारा लहान स्क्रूड्रायव्हर. इतर माणसांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर. लग्नामुंजीत, बारशाला, एवढंच काय, माझ्या सासऱ्यांच्या दहाव्यालासुद्धा तो खिशात होता. मी निगडीला एका शाळेत मराठी शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. माझी बायको त्यांना दाजी म्हणते. मी तोंडावर दादा म्हणतो आणि पाठीमागे काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांचा पहिला नियम असा की, कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याचा सप्लाय तोडायचा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. फ्यूज काढायचा, स्वतःच्या खिशात घालायचा आणि त्या जागी लाल पाटी लटकवायची, 'काम चालू आहे, स्विच लावू नये'. ही पाटी ते कंपनीतून निरोपाची भेट म्हणून मागून घेऊन आले. सोबतच्या लोकांनी घड्याळं घेतली, यांनी पाटी घेतली! पंख्यावरची धूळ पुसायची असली तरी पाटी लागते. एकदा त्यांनी जिन्यातला बल्ब बदलायला अख्ख्या इमारतीचा फ्यूज काढून खिशात टाकला, बल्ब बदलला, आणि मग ताईने कोथिंबीर आणायला सांगितली म्हणून तसेच पिंपरी मार्केटला निघून गेले. क्रिकेटची फायनल चालू होती. शेवटची दोन षटकं राहिली होती. साडू दीड तासाने कोथिंबीर घेऊन आले तेव्हा सोसायटीचे यच्चयावत पुरुष गेटवर उभे होते. साडूंनी शांतपणे विचारलं, "कुणाला शॉक तर न्हाई ना लागला?" कोणी म्हणालं, नाही. "मग काम बरोबर झालं," म्हणाले, आणि वर गेले.

दुसरा नियम, पाच वेळा 'का' विचारायचं. कंपनीत शिकवलं होतं की बिघाडाचं खरं कारण पहिल्या उत्तरात नसतं, पाचव्यात असतं. कंपनीत हे ठीक आहे हो, पण एकदा ताईची आमटी खारट झाली. मीठ जास्त का पडलं? हात सैल सुटला. हात सैल का सुटला? लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? आईची आठवण येत होती. आठवण का येत होती? सहा महिन्यांत माहेरी गेले नाही. का गेली न्हाईस? "तुम्ही नेलं नाही म्हणून," ताई म्हणाली, "आता सहावा का विचारा." साडूंनी मुकाट्याने आमटीत पाणी घातलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरच्या गाडीची दोन तिकिटं काढून आणली. कुकरच्या कार्डाच्या मागे त्यांनी त्याची नोंदही केली, असं ताई सांगते.

आणि तिसरा नियम गुरुवारचा. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत रविवार गुरुवारी येतो. कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, वर्कशॉपं बंद गुरुवारी, आणि लाइनीची दुरुस्तीही गुरुवारीच. म्हणजे सकाळी नऊ-दहाला लाईट जाते ती दुपारी तीन-चारला येते. तर साडू गुरुवारी हत्याराला हात लावत नाहीत. अजिबात नाही. टेस्टरसुद्धा त्या दिवशी खिशात नसतो. एका गुरुवारी त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ फुटला. गृहस्थ नळाखाली बादली लावून शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. बादली भरली की ओतायची, पुन्हा लावायची. संध्याकाळपर्यंत एकोणीस बादल्या झाल्या. "अहो, पाना घ्या आणि दोन वेढे आवळा!" मी ओरडलो. "उद्या फर्स्ट शिफ्टला," ते म्हणाले. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी कंपनीची सवय सुटत नाही, असं आम्ही सगळे हसून म्हणायचो. आम्ही सगळे मूर्ख होतो, पण ते नंतर कळलं.

आता एक गोष्ट अशी होती, जिच्याबद्दल त्यांच्यासमोर बोलायचं नाही हे आम्हाला माहीत होतं. चाकणच्या कंपनीत लागण्याआधी, लग्न नवं असताना, साडू भोसरीला एका लहानशा वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. तिथे एक बंद पडलेला प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं मशीन, आपोआप सुरू झाला आणि त्यांच्या जोडीदाराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जोडीदार चाकणच्या जुन्या शेतकरी घरातला. चौकशी झाली, आणि कागदावर लिहिलं गेलं, 'कामगाराने मेन स्विच पाडला नव्हता, कामगाराची चूक.' पाडणं म्हणजे खटका खाली ओढून बंद करणं. जोडीदाराची नोकरी गेली. हे मला ताईने सांगितलं, साडूंनी कधीच नाही. गंमत म्हणजे, गंमत कसली, तो जोडीदार दर वर्षी गावच्या जत्रेला फोन करतो, "या जेवायला." आणि साडूंना दर वर्षी त्याच दिवशी काहीतरी काम निघतं. रहाटणीपासून चाकण ते किती लांब! नोकरीला तर रोज तिकडेच जायचे. पण तीस वर्षांत हा माणूस त्या उंबऱ्यावर गेलेला नाही. त्या विषयावर ते ताकास तूर लागू देत नाहीत.

म्हणूनच मी त्या दिवशी फोनवर जे सहज बोलून गेलो ते बोलायला नको होतं, की हवंच होतं, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

झालं असं. मुलीने नोकरी बदलली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप मला दिला. मी त्यावर प्रश्नपत्रिका टाइप करतो. वापरून झाला की नीट बंद करतो, झाकण लावतो. चार्जर मात्र कायम लावलेला आणि भिंतीवरचं बटण कायम चालू. त्यावरून बायकोची बोलणी मी रोज खातो, तो वेगळा विषय. तर एके दिवशी शाळेतून येऊन झाकण उघडतो तो काय, लॅपटॉप जागा! पडदा उजळलेला, बूड तापलेलं, आतला पंखा घरघरतोय. म्हटलं, आपणच विसरलो असू. चार-आठ दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बायकोने प्रत्यक्ष ऐकलं. दुपारी मठातून दर्शन घेऊन ती दारात शिरते आणि बंद लॅपटॉपच्या पोटातून 'टुंग' असा आवाज येतो. तिने हात जोडले. मी साडूंना फोनवर इकडचं तिकडचं बोलताना म्हणालो, "दादा, आमचा लॅपटॉप आजकाल आपोआप सुरू होतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आपोआप?" साडू म्हणाले.

"आपोआप."

"कुणी हात लावला नव्हता?"

"घरात कोणी नव्हतंच."

तासाभरात हत्यारांची पेटी घेऊन साडू दारात हजर. पाणीसुद्धा घेतलं नाही. लॅपटॉपकडे असे बघत उभे राहिले की मलाच त्याची दया आली. "मास्तर, आपोआप सुरू व्हणारं मशीन घरात ठिवायचं नसतं," ते म्हणाले. मी हसलो. म्हटलं, "अहो, लॅपटॉप आहे तो. फार फार तर माझी प्रश्नपत्रिका उघडेल." ते हसले नाहीत. "मशीन आपोआप सुरू व्हत नसतं. त्येला कारण असतं. आन् ते कारण घावलं न्हाई, तर ही पेटी मी भंगारात घालीन. पुन्यांदा कुठल्या मशीनला हात लावणार न्हाई." ताईने नंतर फोन करून सांगितलं की घरीही हेच म्हणून निघाले होते. ती घाबरलेली होती. पेटी गेली तर हा माणूस दिवसभर करणार काय, या विचाराने मलाही घाम फुटला.

मुलीला फोन लावून विचारू, असं मी सुचवून पाहिलं. "मशीनचं दुखणं मशीनला इचारायचं असतं," असं म्हणून त्यांनी लॅपटॉप रहाटणीला नेला. पहिला नियम अर्थातच पाळला. चार्जर काढून स्टीलच्या डब्यात ठेवला, डब्याला कुलूप लावलं, कुलपाला लाल पाटी. बंद लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मधोमध. मग पहारा. सकाळी सात ते तीन साडू, तीन ते रात्रीच्या जेवणापर्यंत ताई. ती तिथेच मटार सोलायची, कणीक मळायची. "हा कसला नवरा, कसली दुसरी शिफ्ट," असं मला फोनवर म्हणायची, पण जागची हलत नव्हती. साडूंनी पाळत ठेवून वहीत लिहिलं, शेजारच्यांच्या मुलाने गाडीला किक मारली, काही नाही. वरच्यांनी खलबत्ता कुटला, काही नाही. गुरुवारच्या पानावर फक्त 'सुट्टी'. आठ दिवसांत लॅपटॉपने डोळा उघडला नाही. मग त्यांनी तो आणून दिला, तोही त्यांच्या पद्धतीने, चालू स्थितीत. आधी सुरू करून दाखवला, मग चार्जर जोडला, मग माझी सही घेतली. कार्डावर लिहिलं, 'मशीन ओके.'

पुढच्याच गुरुवारी मी घरी आलो तर मशीन ओके होतं आणि चालूही होतं.

साडूंनी पुन्हा नेला. पुन्हा चार्जर डब्यात, पुन्हा पहारा, पुन्हा काही नाही. आणून दिला, आणि माझ्या घरी तो पुन्हा जागा. माझ्याकडे आणला की होतं, त्यांच्याकडे नेला की होत नाही. "तुमच्या धाकात असतो तो," मी म्हणालो, "पोरं हेडमास्तरांसमोर गप्प बसतात तसा." या वेळी त्यांनी मलाच समोर बसवलं आणि पाच वेळा 'का' सुरू केलं. बंद करताना कुठलं बटण दाबता? तेच का? झाकण लगेच लावता? लगेच का? तिसऱ्या 'का'ला माझं डोकं सटकलं. "दादा, मी मराठी शिकवतो म्हणजे मला बटण कळत नाही असं नाही! सरळ लिहा ना, मास्तरची चूक म्हणून, आणि मिटवा एकदाचं!"

ते खरोखरच कार्डावर लिहीत होते. 'वापरणाऱ्याची चू' इथपर्यंत आले आणि पेन थांबलं. मग त्यांनी ते कार्ड सुतळीपासून तोडलं, चार तुकडे केले आणि खिशात टाकले. "न्हाई," म्हणाले, "हे ल्हिणार न्हाई. हे लई सोपं असतंय ल्हियाला." मला माझ्या चिडण्याची लाज वाटली.

कोंडी फोडली ती माझ्या बायकोने. चहा देता देता ती म्हणाली, "दाजी, मी पहिल्यापासून सांगतेय, हे गुरुवारी होतं. मी मठात जाते त्याच दिवशी. पण माझं इथे ऐकतंय कोण?" मी म्हणालो, "झालं, आता लॅपटॉपला अनुग्रह मिळाला." साडूंनी मात्र मान वर केली. लॅपटॉप जागा सापडला त्या तारखा टिपलेली माझी डायरी मी काढली. एकदा गुरुवार, दोनदा गुरुवार, पाचही वेळा गुरुवार. हात्तिच्या! दोन पुरुष, तीन वह्या, दोन शिफ्टचा पहारा, आणि उत्तर उपासाच्या खिचडीपाशी बसलेलं.

"मग गुरुवारी या आणि बसा समोर," बायको म्हणाली.

"गुरुवारी मी हत्याराला हात लावत न्हाई."

"हात लावू नका. नुसतं बसा."

त्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांना नाही म्हणताना पाहिलंय, चिडताना पाहिलंय, पण घाबरताना पाहिलं नव्हतं. ते पेटी उचलून निघून गेले. येतील असं मला वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी आठला बेल वाजली. साडू रिकाम्या हाताने दारात उभे होते, खिशात टेस्टर नव्हता. "बसतो," एवढंच म्हणाले. मी शाळेत रजा टाकली होती. लॅपटॉप नेहमीच्या जागी, बंद, चार्जर लावलेला, बटण चालू. या वेळी डबा नाही, कुलूप नाही, पाटी नाही, सगळं माझ्या गबाळ्या पद्धतीने. साडेनऊला लाईट गेली. पंखा थांबला. साडू खुर्चीत ताठ बसून होते. अकरा वाजले, बारा वाजले. बायकोने खिचडी दिली, त्यांनी नजर न हलवता खाल्ली. एकला मी म्हणालो, जरा आडवे व्हा. मान हलवून नाही म्हणाले. दोनला बायको मठात गेली. उकाड्याने माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्यांच्या कपाळावरून घाम गालांवर उतरत होता, तो पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. पण माणूस उठला नाही. पाच मिनिटांसाठी नाही की पाणी प्यायला नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी पंख्याने एक गिरकी घेतली, फ्रिज हुंदका देऊन सुरू झाला, आणि टेबलावरच्या बंद लॅपटॉपच्या कडेला दिवा लागला. 'टुंग.'

"सापडलं!" मी टाळी वाजवून उठलोच. "दादा, लाईट आली की सुरू होतो! तुम्ही चार्जरच डब्यात घालून ठेवायचात, मग सापडणार कसं! आणि गुरुवारी तर तुम्ही..."

साडू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लाईट न्हवती," ते म्हणाले. "त्या दिवशीबी लाईट न्हवती, मास्तर. गुरुवार हुता. सुट्टीच्या दिवशी आमी दोघंच साफसफाईला आलो हुतो. प्रेसमधी पत्र्याचा तुकडा आडकलेला. त्यो म्हनला, मेन पाडतोस का? मी म्हनलो, लाईट न्हाई, काय हुतंय, घाल हात बिनधास्त." मग त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. "आन् लाईट आली."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"मेन पाडायचं काम माझं हुतं. इलेक्ट्रिशियन मी हुतो. साहेबानं इचारलं, स्विच कुणी पाडला न्हाई? मी खाली बगत ऱ्हायलो. त्यांनी त्येचं नाव ल्हिलं." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "तुमी आपोआप म्हनला तवाच मला त्यो प्रेस दिसला. म्हनलं, याचं कारण निराळं निघू दे. कायबी निघू दे, पन हे नको. तेच निघालं."

मी मुलीला फोन लावला, निदान एक गोष्ट तरी संपावी म्हणून. तिने दोन मिनिटांत सांगितलं की लॅपटॉपच्या आतल्या सेटिंगमध्ये 'वीज आली की सुरू व्हा' अशी खूण असते. तिच्या जुन्या कंपनीने केली असणार. तिने सांगितलं तसं करून मी ती खूण काढली. साडूंनी ते पाहिलं, मान डोलावली आणि उभे राहिले. मला वाटलं घरी निघाले.

"मास्तर, स्कूटर काढता? चाकणला जायाचं."

तळवड्यावरून गेलो. एरवी त्या रस्त्यावर कंटेनर आणि कंपनीच्या बसगाड्या माणसाला रडकुंडीला आणतात, पण गुरुवार असल्याने रस्ता मोकळा होता. त्या जोडीदाराचं, साडूंच्या या जुन्या मित्राचं, घर विचारत विचारत सापडलं. तीन मजली इमारत, खालच्या खोल्यांत कामगार भाडेकरू, कठड्यांवर युनिफॉर्म वाळत घातलेले, आणि मागे उरलेल्या जमिनीच्या तुकड्यात कांदा. मित्र ओट्यावर बसून सुपारी कातरत होते, उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी, आणि सराईतपणे. त्यांनी वर पाहिलं, डोळे बारीक केले.

"कराडकर? तीस वरसं लागली व्हय रं तुला रहाटणीवरनं यायला? ट्रॅफिक लई असंल."

साडू पायरीखालीच उभे राहिले. सगळं तिथूनच बोलले, हजेरी द्यावी तसे. "घाल हात बिनधास्त, असं मी म्हनलो हुतो."

"व्हय," मित्र म्हणाले.

"मेन मी पाडाया पायजे हुता."

"व्हय."

"साहेबानं इचारलं तवा मी गप बसलो."

"आमीबी गप बसलो की," मित्र म्हणाले. "तुझं लगीन नवं, भाड्याची खोली. आमची घरची शेती हुती. बोटं गेली ती गेली, आनखी एकाची नोकरी कशापायी घालवायची?"

"आरं मग मला एखादी शिवी तरी घालायची!" साडू जवळजवळ ओरडले.

"घालणार हुतो की. दर जत्रंला त्येच्यापायीच बोलवत हुतो. तू आला न्हाईस." मित्रांनी सुपारी पुढे केली. "ये, वर ये. आता ती शिवीबी इसरून गेलो आमी."

साडू वर चढले. पुढे त्या दोघांनी अर्धा तास काय केलं म्हणाल तर चहा प्यायला. दुसरं काही नाही. पावसापाण्याचं बोलले, भाडेकरूंचं बोलले, वर्कशॉपातल्या जेवणाच्या डब्यांच्या वासाचं बोलले. मी नाक ओढायला दोनदा कांद्याच्या वाफ्याकडे जाऊन आलो.

निघताना मित्र म्हणाले, "बोअरची मोटर चार दिस झालं नुसती गुणगुणतीय. फिरत न्हाई. बगतोस का?"

"आज गुरुवार हाय," साडू म्हणाले, सवयीने.

"मग?"

साडूंनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग चपला न घालताच मोटरच्या पेटीकडे चालू लागले. सगळ्यात आधी मेन पाडला. मग पेटीतला चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि खिशात टाकला, टेस्टर नव्हता त्या रिकाम्या खिशात. मगच मोटरला हात लावला. दोन मिनिटांत उठले. "कपॅसिटर गेलाय. दुकानं बंद असतील आज. उद्या घेऊन येतो."

"आन् फ्यूज?"

"काम पुरं व्हईस्तोवर फ्यूज माझ्यापाशी ऱ्हाणार."

"म्हंजे उद्या नक्की येणार."

"फर्स्ट शिफ्टला."

मित्रांनी तो तीन बोटांचा हात वर केला, आणि आम्ही स्कूटर काढली. साडू मागे बसले होते, मला अगदी चिकटून. चाकण ते निगडी रस्त्यात खड्डे किती आहेत ते मला त्या संध्याकाळी नेमकं कळलं, कारण प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या खिशातला तो फ्यूज माझ्या पाठीत रुतत होता. एरवी मी अशा गोष्टींवर गप्प बसणारा माणूस नाही, हे सगळ्या निगडीला ठाऊक आहे. पण मी स्कूटर तेवढी मुद्दाम हळू चालवली.